सीत्कारी

पहाटे साडेपाचला सक्करदरा तलावाच्या बागेत
मी उताणी, शवासनात.
केसांना काल रात्रीच्या मटणाचा वास.
शेजारच्या निखारेबाई नाक मुरडत नाहीत,
फक्त आपली चटई वीतभर सरकवतात.

गोळीबार चौकात माझी सावजी खानावळ.
बाराला शेवटचं ताट उचलते,
एकला पातेली पालथी घालते,
आणि उंबरकर मॅडम वर्गात सांगतात,
ब्राह्ममुहूर्तावर उठावं.
मी लिहून घेते.
समासात बारीक अक्षरात : झोपावं कधी?

आठवड्यात तीन दुपारी हा आयुर्वेदाचा वर्ग,
बंद पडलेल्या हातमागांच्या वरच्या खोलीत.
आम्ही अकरा जण. एक निवृत्त मीटर रीडर,
पार्लरवाल्या दोघी बहिणी,
एक पोरगा, ज्याला दिसेल त्याची नाडी बघायची घाई.
माझी बघितली आणि म्हणाला, पित्त.
मी म्हटलं, बाप्पा, हे तर पाटीवरच लिहिलं आहे.

ग्रीष्मात तिखट टाळावं, आंबट टाळावं, खारट टाळावं.
व्यायाम अर्ध्या ताकदीनं,
कपाळाला घाम आला की थांबावं.
बाहेर शेहेचाळीस. कूलरला पाणी नाही.
माझ्या कपाळाला घाम सकाळी दहालाच येतो,
मी थांबले की साठ ताटं थांबतात.

एकदा मॅडम म्हणाल्या, घरातलं एक द्रव्य आणा,
त्याचे गुण सांगा.
कुणी हळद आणली, कुणी तुळस.
मी मसाल्याचा डबा नेला.
दगडफूल, नागकेशर, खसखस, लवंग,
सुंठ, शहाजिरं, काळी मिरी
एवढंच सांगून झालं, झाकण उघडलं
आणि अख्खा वर्ग शिंकला.
मॅडम डोळे पुसत म्हणाल्या,
यातलं निम्मं माझ्या औषधांच्या कपाटात आहे, पराते.
माप तेवढं वेगळं.

माप.
माझं माप म्हणजे मूठ,
आणि मूठ गिऱ्हाइकाचं तोंड बघून सैल होते.

बागेत ढोबळे सर शीतली शिकवत होते.
जीभ नळीसारखी वळवा, गार हवा आत घ्या.
माझी जीभ वळेना.
पंधरा दिवस आरशासमोर उभी राहिले, घरात पोरं हसायची.
सर म्हणाले, काही जिभा जन्मतःच वळत नाहीत,
तुम्ही सीत्कारी करा.
दातावर दात, ओठ फाकवून, सी… करत श्वास.

मी सी… केलं
आणि मला हसू फुटलं, भर बागेत,
निखारेबाईंनी चटई अजून सरकवली.

हा आवाज मी बावीस वर्षं ऐकते.
रात्री नऊ ते बारा,
सहा टेबलं, चोवीस माणसं,
कानशिलं लाल, नाकं वाहतात,
सी… सी…
आणि त्यातच म्हणतात, अजून रस्सा.
कुणी त्यांना शिकवलं नव्हतं.

त्या रात्री मूठ थोडी आवळली.
सोबत ताक दिलं, न मागता.
डोमाजी बुटीबोरीच्या कंपनीतून येतो, दर बुधवारी.
दोन घासांनी मान वर :
"काहून वं बेबीबाई, आज हात आखडला?"
"हाव. अभ्यास चालू हाय माह्या."
तो ताकाकडे बघत राहिला,
जसं कुणी परक्या पाहुण्याकडे बघावं.
मग प्याला.
अर्धी भाकर उरवली त्यानं, पहिल्यांदाच.
चव गेली म्हणून, की पोटाचा चौथा भाग
वाऱ्यासाठी ठेवला म्हणून,
मी विचारलं नाही.
पुढच्या बुधवारी कळेल.

एक वाजला. शेगड्या बंद, तरी भिंत तापलेलीच.
सोमवारी परीक्षा आहे.
वहीवर जवसाच्या तेलाचा डाग,
नेमका जिथं दिनचर्या लिहिली तिथं.
फरशीवर गुडघे दुमडून बसते, वज्रासनात.
जेवणानंतर चालणारं हे एकच आसन.

बसल्यावर आठवतं,
जेवण राहिलंच आहे.